दोघांचा देव आता एकच

भद्रावती
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय इसरू,

जयभीम आणि जोहार.

पत्राला उशीर झाला म्हणून तोंड फुगवून बसू नकोस. बातमी ऐकलीस की राग विसरशील. आपल्या रीताने मुलगा पसंत केला आहे. मुलगी तुझी, तरी 'आपल्या' म्हणतो, कारण नर्सिंगला आली तेव्हापासून ती माझ्याच घरी आहे, आणि आता इथल्या दवाखान्यात नोकरी लागली तरी तुझी सरितावहिनी तिला दुसरीकडे खोली घेऊ देत नाही. तिने ते सरिताच्या कानावर घातलं, सरिताने माझ्या. मी नीट चौकशी केली आणि मगच लिहायला बसलो.

मुलगा मोहर्लीचा आहे, निकेश आत्राम. ताडोबा पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची जिप्सी चालवतो. दारूला शिवत नाही. बोलतो कमी, खातो भरपूर. माझ्या आईला, म्हणजे रुखमाबाईंना तो पसंत पडला, आणि तिला माणूस पसंत पडणं किती अवघड आहे ते तू जाणतोस.

आता तू पहिला प्रश्न काय विचारशील तेही मला ठाऊक आहे. येरमपल्लीच्या शाळेवर मी रुजू झालो त्या दिवशी तू वनखात्याच्या नाक्यावरून सरळ माझ्याकडे आला होतास आणि नावगाव विचारायच्या आधी म्हणाला होतास, "गुरुजी, तुमचे देव किती?" मी छाती काढून सांगितलं, एकही नाही. तू मला जेवायला घरी नेलंस तेव्हा हे ऐकून बुधरीवहिनी दारातून म्हणाली होती, "एकबी देव नाई? मंग या बिचाऱ्याले भाऊ कोन?" आणि तिने माझ्या ताटात दुप्पट भात वाढला. अजून आठवलं की हसू येतं.

पण आठ वर्षं तुमच्यात राहून एवढं मी शिकलो की तुमच्याकडे देवांची संख्या पाहून लग्न जमतं. तुम्ही मडावी सात देवांचे, आत्राम सहा देवांचे, म्हणजे तसंही जमतंच. आता तर तुला तो हिशेबही करायला नको. दोघे रविवारच्या प्रार्थनेला जातात, ओळख तिथलीच, आणि दिवाळीच्या आधी दोघांनी बाप्तिस्मा घेतला. तुला लागेल, हे कळतं मला. आमच्या घराने धर्म बदलला तेव्हा आजोबांनाही लागलं होतं. पण त्यातलं बरं पाहा. सहा-सातची भानगडच मिटली. दोघांचा देव आता एकच.

तारीख तू ठरव.

तुझा मित्र,
श्रावण


येरमपल्ली
२ डिसेंबर १९९९

प्रिय श्रावण,

जोहार.

तुझं पत्र मी नाक्यावरच वाचायला घेतलं. 'मोहर्लीचा आहे, निकेश आत्राम' इथपर्यंत आलो आणि नाक्यावरच्या सगळ्यांना चहा सांगितला. सहा देवांचा मुलगा, सात देवांची मुलगी, बापाला आणखी काय हवं? मग पान उलटलं.

गुरुजी, आठ वर्षं तू आमच्यात राहिलास आणि तरी तुला कळलं नाही. आम्ही कोणाच्या पाया पडतो हे सांगायला देव मोजत नाही. ज्यांचे देव सारखे ते भाऊबहीण. सात देवांची सगळी माणसं, एकमेकांना कधी पाहिलं नसलं तरी, एका घरची. म्हणून त्यांच्यात लग्न नाही. आणि तू मोठ्या आनंदाने लिहितोस की दोघांचा देव आता एकच. आमच्याकडे त्याचा अर्थ काय होतो? भावाबहिणीचं लग्न आहे, तारीख तू ठरव, असं तू मला कळवलं आहेस. ते वाक्य मी बुधरीला वाचून दाखवलं नाही.

तुला वाटेल इसरू वेड पांघरून पेडगावला चालला. तसं नाही. तो एक देव चांगलाच असेल, माझं त्याच्याशी भांडण नाही. रस्ता झाला तेव्हा ट्रकवाल्यांनी वळणावर शेंदूर लावून देव बसवला, त्यालाही आम्ही नारळ देतो. एखादा वाढला तर आम्हाला जड होत नाही. रीताला सांग, माझे सात आहेत आणि हा आणखी एक, एवढं तिने म्हणावं. निकेशने म्हणावं, माझे सहा आणि हा एक. झाले आठ आणि सात. मी नाचत लग्न लावतो.

मला तिच्याकडून एवढंच हवं आहे. बाबाचे सात माझेही आहेत, हे तिने एकदा म्हणावं. त्या सातांची पूजा माझ्याकडे आहे, हे विसरू नकोस. दुसऱ्या कोणाच्या मुलीचं असं झालं असतं तर लोक मलाच विचारायला आले असते, आणि मी काय सांगितलं असतं ते तुला माहीत आहे.

तुझा मित्र,
इसरू


भद्रावती
२१ डिसेंबर १९९९

प्रिय इसरू,

तुझं म्हणणं मी दोघांपुढे ठेवलं. निकेश लगेच तयार झाला. तोंडाने म्हणायला काय जातं, म्हणाला. रीता भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. नाही म्हणाली. एकच आहे आणि दुसरा नाहीच, असं तिने पाण्यात उभं राहून सांगितलं आहे. आता सात आहेत म्हटलं तर ती तेव्हा तरी खोटं बोलली किंवा आता तरी बोलते आहे, असं तिचं म्हणणं.

मी त्यांची प्रार्थना घेणाऱ्या पाळकांकडे गेलो. भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण माणूस इतका सौम्य की भांडता येईना. ते म्हणाले, आमचा एक हा सहा-सातच्या रांगेतला एक नाही, त्याच्या शेजारी दुसरा मांडताच येत नाही. आमच्या शाळेतले हेमराज गुरुजी, त्यांचा देव्हारा भरलेला. त्यांना विचारलं तर ते हसले. तेहतीस कोटी घ्या की एक घ्या, सगळी त्याचीच रूपं, यात भांडण्यासारखं काय आहे, म्हणाले. हेही मी रीताला सांगून पाहिलं. ती म्हणाली, हेमराज गुरुजींना कोणाला सोडावं लागलं नाही, म्हणून त्यांना सोपं वाटतं.

शेवटी मी माझं ठेवणीतलं काढलं. म्हटलं, बाई, देव नाहीच, सातही नाहीत आणि एकही नाही. जे नाही त्याच्याबद्दल बापासाठी एक वाक्य बोललीस तर काय बिघडेल? तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"काका, तुमच्या बाबाले गावानं म्हटलं होतं ना, एकडाव मारोतीले हात जोड, तुही विहीर मोकळी करतो. दगडच हाय म्हनत होते ना ते? मंग काऊन नाई जोडले?"

ही गोष्ट मीच तिला अभिमानाने सांगितली होती. आई कोपऱ्यात बसली होती, तीही म्हणाली, पोरीचं बरोबर आहे.

हा हट्ट तिने तुझ्या घरून आणला की माझ्या घरून उचलला, ते मला सांगता येत नाही. तू थोडं नमतं घे इसरू. तुझ्या हिशेबात कुठेतरी फट असेलच. आकड्यासाठी कोणी मुलगी सोडतं का?

तुझा,
श्रावण


येरमपल्ली
११ जानेवारी २०००

प्रिय श्रावण,

आकड्यासाठी नाही सोडत. माणसांसाठी सोडतो. ते तुला समजावून सांगणं माझ्याने होत नाही, पण झालं ते सांगतो.

लटारूपाटलाच्या अंगणात गाव बसलं. मी काही लपवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर लटारू म्हणाला, नियम तुझ्या तोंडून ऐकायची आमची सवय आहे, तूच सांग. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी एखादी पळवाट काढली असती तर त्यांनी ती मान्य केली असती, एवढं प्रेम आहे त्यांचं रीतावर. तिने सुट्टीत येऊन निम्म्या गावाच्या पोरांना सुया टोचल्या आहेत.

पण बैठकीला आलेल्या बायांमध्ये ठमाबाई बसली होती. तुझी बदली झाली त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या मुलीने आपल्याच सात देवांतला मुलगा धरला. दोघांना गावाबाहेर काढा, असं मीच सांगितलं होतं. ती पोरगी माझ्या पायाला मिठी मारून रडली आणि मी पाय सोडवून घेतला. ती दोघं आंध्रात कुठे मिरच्या तोडायला गेली म्हणतात. पुन्हा आली नाहीत. ठमाबाईसमोर मी माझ्या मुलीसाठी फट कशी शोधू?

मी सांगितलं, दोघं एका देवाची आहेत, हे लग्न होत नाही.

घरी आलो तर बुधरी चूल विझवून बसली होती.

तुम्ही ते लग्न लावाल, आणि मी अडवणार नाही. माझ्या जागी तू उभा राहा. फक्त मला तारीख कळवू नकोस. कळली तर मी येईन.

इसरू


भद्रावती
८ मार्च २०००

प्रिय इसरू,

तारीख कळवली नाही. आता झालं म्हणून लिहितो.

प्रार्थनेच्या खोलीतच लागलं. पांढऱ्या साडीत रीता अगदी बुधरीवहिनीसारखी दिसत होती. तिला पुढे घेऊन जायला बाप लागतो म्हणाले, तिथे मी गेलो. ज्याला देवच नाही त्याने मुलगी देवापुढे नेऊन दिली, याचं मला तेव्हा हसूही आलं नाही. मोहर्लीहून निकेशकडचं एकही माणूस आलं नाही. त्यांच्याकडेही तुझ्यासारखाच हिशेब झाला असावा. रीता सारखी दाराकडे पाहत होती. कोणाचं पाऊल वाजलं की मान वळायची.

दोघांनी जवळच खोली घेतली आहे. उन्हाळ्यात तुमच्या पाया पडायला येणार म्हणतात. मी नको म्हणालो नाही, कारण मला तुझी खात्री आहे. नियम बैठकीत सांगायचा असतो. ती दारात उभी राहिली की तुझ्याने तो सांगवणार नाही.

श्रावण


येरमपल्ली
३ मे २०००

श्रावण,

ती येऊन गेली. काय झालं ते तुला तिने सांगितलंच असेल, पण मला माझ्या हाताने लिहू दे.

दुपारच्या बसने दोघं आली. अंगणात उभी राहिली. मी ओट्यावर होतो, बुधरी आतून धावत आली आणि उंबऱ्याशी थांबली. आमच्या घरची रीत तुला माहीत आहे. मुलीचं लग्न होईपर्यंत ती आपल्या देवांची, आत जाऊन देवांच्या खोलीशेजारी स्वयंपाक करते. लग्न झालं की ती नवऱ्याच्या देवांची होते, मग माहेरी आली की पाहुणी म्हणून ओट्यावर बसते. तिला आपण ओट्यावर जेवायला वाढतो आणि त्यात तिला मान असतो. दोन जागा आहेत. तिसरी जागा आमच्या घराला नाही.

आत ये म्हणावं तर लग्न झालं नाही असं होतं, आणि शेजारी निकेश उभा. ओट्यावर बस म्हणावं तर लग्न झालं असं होतं, आणि होत नाही असं मीच गावाला सांगितलेलं. तिने विचारलं,

"बाबा, मी कुठी बसू?"

मला सांगता येईना. मी खरंच शोधत होतो श्रावण, मी तिला घालवून देत नव्हतो. ऊन फार होतं. ती वाट पाहत उभी राहिली, मग आपणच मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली. बुधरीने पाणी तिथे नेऊन दिलं, भात तिथे नेला. तिने माझ्या पाया पडायला हात पुढे केला तो जमिनीलाच लावला. ओट्यापर्यंत आली नाही.

तोवर परतीची बस निघून गेली होती. ती दोघं तुझ्या इथल्या जुन्या शाळेच्या व्हरांड्यात झोपली आणि सकाळच्या पहिल्या गाडीने गेली.

तू लिहिलं होतंस की माझ्याने नियम सांगवणार नाही. नियम मी सांगितलाच नाही. मी काहीच बोललो नाही.

इसरू


भद्रावती
१९ मे २०००

प्रिय इसरू,

काळजीचं काही नाही. रीताला जरा ताप आहे, इथल्या उन्हाचा असावा. कालपासून चंद्रपूरला दवाखान्यात ठेवलं आहे. ती मायची आठवण काढते आहे. नाक्याच्या फोनवर दोनदा प्रयत्न केला, लागला नाही. हे पत्र आलापल्लीच्या बसवाल्याजवळ देतो आहे. मिळताच वहिनीला घेऊन निघा.

श्रावण


भद्रावती
६ जून २०००

प्रिय इसरू,

तू आलास आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेलास. म्हणून हे लिहावं लागतं.

तुम्ही पोचेपर्यंत थांबायचं आम्ही ठरवलं होतं. पण मे महिना, आणि दवाखान्यातून बाहेर आणल्यावर तिला ठेवता येईना. पाळकांनीच म्हटलं, आता उशीर करू नका. त्या माणसाला दोष देऊ नकोस, ती जाईपर्यंत तो तिच्या उशाशी बसून होता. तुम्ही आलात तेव्हा माती ओढून झाली होती. तू फक्त विचारलंस, हिच्या बाजूला कोण आहे? ते म्हणाले, वरोऱ्याची एक म्हातारी. तू मान हलवलीस आणि वहिनीला घेऊन फाटकाबाहेर गेलास.

टायफॉइड होता. उशिरा कळला. कोणालाही होऊ शकला असता, यात कोणाचा दोष नाही.

मला तुझ्यावर रागावायचं होतं. तुझ्यावर, पाळकांवर, त्या दोघांच्या देवावर आणि तुझ्या सातांवर. आता माझ्यात तेवढा जीव उरला नाही. सरिता तिची खाट आवरू देत नाही.

काहीतरी लिही.

श्रावण


येरमपल्ली
३० जुलै २०००

श्रावण,

निकेश इथे येऊन राहिला आहे. मोहर्लीला त्याला कोणी घेईना, तर मीच म्हटलं, ये. त्याच्याकडून कळलं की टायफॉइड नव्हता. मलेरिया होता, मेंदूत चढला. डॉक्टरने विचारलं होतं, हिला कुठे डास चावले, कुठे उघड्यावर झोपली होती का. आणि ती शुद्धीत असताना बाबाला हे सांगू नका म्हणाली. तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस, पण तुला ते जमत नाही. तुझ्या शाळेचा व्हरांडा माझ्या ओट्यावरून दिसतो. रोज दिसतो.

आता ऐक. माणूस गेलं की आमच्याकडे त्याचा जीव देवांकडे पोचला का ते पाहतात. नदीवर जाऊन त्याला नावाने हाक मारतात आणि लोट्यातल्या पाण्यावर तांदळाचे दोन दाणे अलगद सोडतात. एक त्याचा, एक देवांचा. दोन्ही दाणे एकमेकांना येऊन चिकटले की समजायचं, माणूस आपल्यांत पोचलं. मी हे गावातल्या कितीतरी माणसांसाठी केलं आहे. थोडा वेळ लागतो, पण चिकटतात.

लग्न झालेल्या बाईसाठी हे नवऱ्याच्या घरच्यांनी करायचं. निकेशच्या काकांनी निरोप पाठवला की ती आमची नाही. मग मीच गेलो. बुधरी आणि निकेश बरोबर होते. मी रीताला हाक मारली आणि माझ्या सातांच्या नावाचा दाणा सोडला. दोन्ही दाणे वेगवेगळे फिरत राहिले. पुन्हा सोडले. मग नियम मोडून मी सहांच्या नावाचा सोडला, तिला सासर तरी मिळावं म्हणून. तोही जवळ गेला नाही. निकेश म्हणाला, त्या एकाच्याही नावाने टाकून पाहा. त्याला हाक कशी मारतात ते मला येत नव्हतं, निकेशने मारली. तो रडत होता. दाणा लोट्याच्या कडेला जाऊन राहिला. रीताचा मधोमध एकटाच होता, आणि नंतर बुडाला.

तुझ्या बाजूचा दाणा कसा सोडायचा असतो? तुझ्याकडे तर कोणीच नाही.

बुधरी रोज विचारते, "पोरगी कोनापाशी हाय?" ती मला विचारते, कारण आजवर गावातल्या सगळ्यांना मीच सांगत आलो.

मागच्या आठवड्यात मी देव लटारूच्या पुतण्याच्या हवाली केले. लोक म्हणतात, पूजा दुसऱ्याकडे गेली तरी देव तुझेच राहतात. मला तसं वाटत नाही. ज्यांनी माझ्या मुलीला घेतलं नाही त्यांना मी माझे म्हणणार नाही. आणि ज्या एकासाठी तिने सगळे सोडले, त्यानेही तिला घेतलं नाही, तर त्याच्याकडे जाऊन मी काय करू?

म्हणजे माझ्याकडेही आता एकही उरला नाही. तू पहिल्या दिवशी जेवायला आलास तेव्हा बुधरीने विचारलं होतं, याला भाऊ कोण? आमच्या हिशेबाने त्याचं उत्तर आता मिळालं आहे.

तुझा भाऊ,
इसरू